‘संजय गांधी’चा अडकलेला पगार: मागच्या महिन्यांचे पैसे कसे मिळवावेत

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दर महिन्याला सरकारी पैसे येतात, पण आमच्या किनाऱ्यावर कुणी त्याला अनुदान म्हणत नाही. ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. एसटीची वाट बघताना दोन म्हाताऱ्या भेटल्या की पहिला प्रश्न असतो, ‘पगार झाला काय गो?’ ज्यांचा होतो त्या पासबुकावर एन्ट्री मारून घेतात. ज्यांचा अनेक महिने झालेला नसतो, त्यांना चारचौघांकडून एकच सल्ला मिळतो: तहसीलदारांना थकबाकीचा अर्ज दे. हा सल्ला चुकीचा आहे. अर्ज द्यायचाच आहे, पण तो सगळ्यात शेवटी.

अर्ज कसा भरायचा, दाखले कुठले लागतात, यात मी शिरत नाही. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेत नाव मंजूर झालंय आणि तरी पैसे येत नाहीत, अशा माणसासाठी हे लिहितोय.

आधी वहीच्या एका पानावर हिशेब मांडा. जुलै 2023 पासून महिन्याला 1500 रुपये, आणि दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. समजा फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 असे अकरा महिने कोरडे गेले. पहिले आठ महिने 1500 प्रमाणे 12,000, पुढचे तीन 2500 प्रमाणे 7,500, एकूण 19,500 रुपये. प्रत्येक महिना वेगळ्या ओळीत लिहा. ‘एक वर्षापासून पैसे नाहीत’ असं सांगत टेबलासमोर उभं राहिलात तर कुणी फाईल उघडत नाही. महिन्यांची यादी पुढे ठेवली की उघडावी लागते.

हिशेब सुरू होतो तो मंजुरीच्या पत्रात लाभ ज्या महिन्यापासून लिहिला असेल तिथून. अर्ज दिला त्या दिवसापासून नव्हे. मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक लांबली, अर्ज पडून राहिला, म्हणून त्या मधल्या महिन्यांचा फरक आपोआप मिळत नाही. तो मिळवून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे एजंट गावोगाव फिरतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करा. वाडीत कुणाचाच पगार झाला नसेल तर वरून निधीच आलेला नाही. तो आला की सगळ्यांचा एकदम होईल, तुम्ही वेगळं काही करायचं नाही. बाकीच्यांचा झाला आणि तुमचा नाही, असं असेल तरच पुढे वाचा.

आता खरी अडचण. मी स्वतः इथे नऊ महिने घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा धाकटा भाऊ मच्छीमारी बोटीवर खलाशी होता. विंचमध्ये पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचा पगार गावाजवळच्या बँकेत व्यवस्थित येत होता. 2024 च्या अखेरीस योजनेचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट आधारवर, सोडायला सुरुवात झाली आणि जानेवारीपासून त्याचं पासबुक थांबलं. मी तहसीलात गेलो. उत्तर मिळालं, ‘पैसे गेलेत.’ बँकेत गेलो. तिथे सांगितलं, ‘आलेले नाहीत, आणि आधार तर लिंक आहे.’ मला वाटलं दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. मी अर्जावर अर्ज दिले, एकदा टेबलावर आवाजही चढवला. कुबडी घेतलेल्या भावाला दोन एसटी बदलून चार वेळा तालुक्याला नेलं. त्या फेऱ्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकीचीही गरज नव्हती. दोघेही खरं बोलत होते.

भाऊ बोटीवर जाण्याआधी तीन वर्षं मुंबईला कामाला होता. मालकाने पगारासाठी तिकडच्या एका बँकेत खातं काढून दिलं होतं. गावी आल्यावर त्या खात्याकडे कुणी पाहिलं नाही. पण त्याचा आधार क्रमांक पैशांसाठी जोडलेला होता तो त्याच बँकेला. पूर्वी तहसीलातून यादी आणि खाते क्रमांक जायचा, म्हणून पैसे गावच्या खात्यात पडायचे. डीबीटी सुरू झाल्यावर खाते क्रमांक विचारात येईना, आधार जिकडे दाखवेल तिकडे पैसे. नऊ महिन्यांचे 13,500 रुपये त्या विसरलेल्या खात्यात पडून होते. थकबाकी अशी नव्हतीच, आणि मी थकबाकी मागत होतो.

म्हणून हा फरक डोक्यात पक्का करा. ‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली की खात्याला आधार लिंक होतो, आणि तो चार बँकांत लिंक असू शकतो. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत तुमच्या आधारपुढे असलेलं बँकेचं नाव. तिथे एका वेळी एकच बँक राहते, ज्या बँकेला तुम्ही शेवटची संमती दिलीत ती. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी किती बायकांनी घाईघाईने नवीन खाती काढली आठवा. कुणी पोस्टमनकडून घरबसल्या काढलं, कुणी आणखी कुठे. खातं काढताना अंगठा दिला त्यात सीडिंगची संमतीही गेली असेल, तर पुढचे सरकारी पैसे तिकडेच.

हे बघायला तहसीलात जायची गरज नाही. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, बँकेच्या नावावरून खातं तुम्हालाच आठवायचं आहे. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर तो जोडून घ्या. त्या पानाची प्रिंट काढा. माझ्या मते ही प्रिंट हातात नसताना कुठल्याही टेबलासमोर जाऊ नये. बँकेतल्या माणसाने ‘लिंक आहे’ म्हटलं तर वाद न घालता प्रिंट पुढे करा आणि ‘एनपीसीआयला सीडिंग करायचंय, डीबीटीसाठी’ एवढंच म्हणा.

प्रिंट बघितली की रस्ता ठरतो.

दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं, तर आधी त्या बँकेत जाऊन पैसे पडलेत का बघा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, पण त्यातले पैसे तुमचेच असतात. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे असं खातं पुन्हा चालू करायला शुल्क लागत नाही आणि त्यासाठीची केवायसी त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येते. मुंबईला जायचं कारण नाही, आम्ही रत्नागिरीच्या शाखेत काम केलं. पैसे काढल्यावर गावच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. नाव बदललेलं दिसेपर्यंत काम झालं असं मानू नका.

सीडिंग बंद दिसलं किंवा बँकच दिसली नाही, तर पैसे सोडलेले असूनही परत गेले असण्याची शक्यता जास्त. सीडिंग करून घेतल्याने पुढचा महिना येईल, परत गेलेले महिने आपसूक येतील यावर विसंबू नका. ते पुन्हा पाठवायला तहसील कार्यालयाला सांगावं लागतं, आणि तुमच्या अर्जाची वेळ आता आली.

सीडिंग गावच्याच बँकेत आणि चालू असेल, तर अडचण कार्यालयातल्या नोंदीत आहे. आधार क्रमांकातला आकडा चुकलेला, आधारवरचं आणि यादीतलं नाव वेगळं, किंवा हयातीचा दाखला न पोहोचल्याने नाव थांबवलेलं. विदर्भ कोंकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या नावाचं पासबुक घरात असेल तर ते बदलून घ्या आणि त्या निमित्ताने सीडिंगही एकदा बघा.

अर्ज एका पानाचा हवा. दुःख, आजारपण, घरची परिस्थिती त्यात लिहू नका, ती फाईलमध्ये आधीच आहे. मंजुरीचा क्रमांक, आधारचे शेवटचे चार आकडे, न मिळालेल्या महिन्यांची यादी, सीडिंग कधी दुरुस्त झालं ती तारीख, आणि एकच मागणी: हे महिने पुन्हा प्रक्रियेस घ्यावेत. सोबत सीडिंगची प्रिंट आणि पासबुकाच्या पानांची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, तेव्हा हे काम फेब्रुवारीच्या आत टेबलावर पोहोचू द्या.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. महाराष्ट्रात या अर्जाला एक विषय आणि 150 शब्द ही मर्यादा आहे, ‘माझे पैसे का दिले नाहीत’ यात ती वाया घालवू नका. असं विचारा: अमुक ते अमुक महिन्यांचं माझं अनुदान कोणत्या तारखांना वितरित झालं, कोणत्या बँकेत, आणि परत आलं असल्यास कारण काय. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही अडलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करा.

एक गोष्ट सुटते म्हणून इथे सांगतो. 2500 रुपये दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यालाच आहेत. दिव्यांग बाईचं नाव पूर्वी विधवा म्हणून लागलं असेल तर तिला 1500 च येत राहतील, आणि तिला वाटेल सगळं बरोबर चाललंय. आमच्या वाडीतल्या एका काकूचं असंच झालं होतं. युडीआयडीची प्रत लावून प्रवर्ग बदलायचा अर्ज दिला तेव्हा ते सुटलं. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत बघायलाही विसरू नका.

मागचे महिने आले तर एकाच रकमेत येतील असं नाही. कधी दोन महिने, कधी चार, अशा एन्ट्री पडतात. प्रत्येक एन्ट्रीला वहीतला तो महिना खोडा, आणि शेवटची ओळ खोडली जाईपर्यंत शिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागद पोटमाळ्यावरसुद्धा टिकत नाही.