शाळेतून नोकरीकडे जाताना: न्यूरोडायव्हर्जंट मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून पालक आणि शिक्षक जी धावपळ करतात, तिच्या निम्मी धावपळही निकालानंतरच्या वर्षांसाठी होत नाही. मग स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातील अडचण) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) असलेला, म्हणजेच मेंदूची जडणघडण वेगळी असलेला न्यूरोडायव्हर्जंट तरुण पहिल्या नोकरीत टिकला नाही, की ‘त्याला काम झेपले नाही’ असे म्हणून विषय मिटवला जातो. बहुतेकदा काम त्याला जमलेले असते. अडते ते कामाभोवतीच्या गोष्टींवर, ज्या कोणी शिकवलेल्याच नसतात.

फक्त काम शिकवणे. डेटा एंट्री, पॅकिंग, बेकरी किंवा झेरॉक्सचे काम प्रशिक्षण केंद्रात उत्तम शिकवले जाते, पण तिथवर रोज पोहोचायचे कसे, हे मात्र घरच्यांवर सोडलेले असते. घरचे लोक रविवारी लोकलने दोन फेऱ्या मारून ‘सराव झाला’ असे मानतात. सोमवारी सकाळी साडेआठच्या गर्दीत, त्यातही गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याची घोषणा झाली, तर तो सराव कुचकामी ठरतो. म्हणून सराव कामाच्या वारी, कामाच्याच वेळी करावा आणि गाडी चुकली तर कोणाला फोन करायचा, काय सांगायचे, हेही आधी पाठ करून घ्यावे. जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचे आणि तब्येत बिघडली तर रजा कशी मागायची, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. याची सुरुवात अठराव्या वर्षी करणे म्हणजे फार उशीर. चौदा-पंधराव्या वर्षापासून घरात आणि शाळेत छोट्या जबाबदाऱ्या द्याव्यात.

मोघम सूचना देणे. माझ्या मते सर्वांत जास्त नोकऱ्या इथे जातात. समजा, पॅकिंग विभागात नव्या मुलाला सुपरवायझर म्हणाला, ‘एवढे झाले की बघ जरा.’ मुलाने खोके भरले, टेप लावली आणि शांत बसून राहिला, कारण पुढे काय बघायचे हे त्याला कळले नाही. तासाभराने सुपरवायझर आला आणि कामचुकार असा शिक्का मारून गेला. इथे मुलाला आणखी प्रशिक्षण देऊन काहीच साधणार नाही. टेबलावर एक कार्ड चिकटवावे: खोके भरले की डावीकडच्या रॅकवर ठेवावे, नवे खोके घ्यावे, खोकी संपली तर अमुक व्यक्तीला सांगावे. शंका विचारण्यासाठी एकच ठरलेला सहकारी असावा, कारण तिघे तीन तऱ्हेने सांगू लागले की गोंधळ वाढतो. अशी कार्डे लावली की इतर कामगारही गुपचूप त्यांचाच आधार घेतात, असा अनुभव आहे.

कागदपत्रांबाबत गैरसमज. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे. एडीएचडीचा मात्र 21 प्रकारांच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे केवळ शाळेतील सवलतीच्या कागदावर विसंबून राहू नये आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र) अर्ज वेळेत करावा. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हेही अनेकांना बँकेत गेल्यावरच समजते. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण जो स्वतः सही करू शकतो, स्वतःचा पगार सांभाळायला शिकू शकतो, त्याच्यासाठी सरसकट असा अर्ज करू नये.

मुलाखतीत आईवडिलांनीच बोलणे. निदान लपवणे आणि मुलाच्या वतीने सगळे सांगून टाकणे, या दोन्ही टोकांनी नुकसानच होते. मुलाला स्वतःविषयी दोन-तीन वाक्ये बोलता आली पाहिजेत: ‘मला सूचना लिहून मिळाल्या तर काम नीट होते. मोठ्या आवाजात मला त्रास होतो.’ बोलणे जमत नसेल तर हीच वाक्ये लिहिलेला कागद त्याने स्वतः पुढे करावा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधी धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सुविधा आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख करणे नियमानुसार अपेक्षित आहे. ते धोरण मागण्यात संकोच बाळगू नये.

रुळला म्हणून आधार काढून घेणे. पहिले काही महिने सुरळीत गेले की प्रशिक्षकाच्या भेटी थांबतात. नंतर एखाद्या दिवशी मुलगा अचानक चिडचिड करू लागतो किंवा कामावर जायलाच नकार देतो. अशा वेळी समजावण्याआधी अलीकडे काय बदलले ते शोधावे: जागा, पाळी, शेजारचे नवे यंत्र की सुपरवायझर? यातली सुपरवायझरची बदली सर्वांत महागात पडते, कारण मुलाबद्दलची सगळी माहिती त्याच्याबरोबरच निघून जाते. काय चालते आणि काय चालत नाही, हे एका पानावर लिहून त्याची एक प्रत मनुष्यबळ विभागात आणि दुसरी मुलाकडे ठेवावी.