कामगार-संशोधनाचं वजन कसं मोजाल

ग्रंथालयात विद्यार्थी विचारतात, "मॅडम, या पुस्तकाचा प्रभाव किती?" इतिहासकार राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरणी कामगारांवरचं १९९४ चं इंग्रजी पुस्तक घेऊ.

गूगल स्कॉलरवर (संशोधनपर लिखाण शोधायची गूगलची सोय) लेखकाचं पूर्ण नाव टाका, मग नुसतं 'आर. चंदावरकर'ही टाका, एकाच पुस्तकाच्या नोंदी विखुरलेल्या असतात. 'सायटेड बाय', म्हणजे या पुस्तकाचा संदर्भ देणाऱ्या लिखाणाची यादी, उघडा, पण आकडा उतरवून उठू नका. लेखकाने स्वतःच्याच लेखांत दिलेले संदर्भ वगळा. मग वीसेक लेखांच्या तळटीपा वाचा. जॉबरचा (गिरणीत कामगार भरणारा मुकादम) किंवा वस्तीतल्या शेजारसंबंधांचा मुद्दा खरंच वापरलाय, खोडलाय, की नुसतं नाव टाकलंय? मी वहीत असे तीन रकाने आखते. 'खोडलाय' हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसत्या नावांनीच बहुतेकांचा आकडा फुगतो.

एच-इंडेक्स, म्हणजे लेखकाच्या किती लेखनांना किमान तितकेच संदर्भ मिळाले तो आकडा, इथे तोकडा पडतो. आयुष्यभराच्या जाडजूड ग्रंथालाही तो एकच धरतो.

स्कोपस या संशोधन-संदर्भांच्या डेटाबेसमध्ये मराठी लिखाण जवळपास नसतंच. त्यासाठी कपाटापाशी या: १९८२ च्या संपावरची पुस्तकं, प्रबंध काढा, संदर्भसूचीची शेवटची पानं चाळा, हाताने नोंदवा. दोन दुपारी जातील, जाऊ द्या.