नंदुरबारला रुजू होताय? आधी सीमा समजून घ्या

महसूल खात्यात नव्याने निवड होऊन नंदुरबार जिल्हा मिळालेली मुलंमुली फोन करतात तेव्हा हमखास विचारतात, "सर, रुजू होण्याआधी काय वाचू?" जमीन महसूल संहिता वाचाच. पण त्याच्याही आधी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा आणि सीमा वाचा, असं मी सांगतो. मी या जिल्ह्यात आधी मंडळ अधिकारी आणि नंतर नायब तहसीलदार होतो, आणि त्यातला बराच काळ निवडणूक शाखेत गेला. इथे एकाच जमिनीवर महसुलाची एक सीमा आहे, पंचायतीची दुसरी, विधानसभेची तिसरी, पोलीस ठाण्याची चौथी, वन विभागाची पाचवी. समोर उभ्या माणसाचं काम यातल्या कुठल्या सीमेतलं आहे हे तुम्हाला ओळखता आलं नाही, तर तो माणूस सातपुड्यातून उतरून, दिवसाची मजुरी बुडवून चुकीच्या कार्यालयाच्या दारात जाऊन बसतो.

सुरुवातीची माहिती थोडक्यात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. तालुके सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव. लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात, कागदावर मात्र अक्राणी येतं. टपालात आणि ऑनलाइन अर्जात हा घोळ रोज दिसेल. नंदुरबार, शहादा आणि तळोदा असे तीन उपविभाग, म्हणजे तीन प्रांत (उपविभागीय अधिकारी). तापीच्या दक्षिणेला नंदुरबार आणि नवापूर, उत्तरेला बाकीचे चार. त्यातही शहादा-तळोद्याचा सपाट, बागायती पट्टा वेगळा आणि वरचा डोंगर वेगळा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त.

आता मतदारसंघ. तालुके सहा, पण विधानसभेचे मतदारसंघ चार आणि चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव. राज्याच्या यादीत त्यांचे क्रमांकच १ ते ४ आहेत: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. २००८ च्या परिसीमनात, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा, हे आजचं रूप ठरलं. अक्राणी तालुका अक्कलकुवा मतदारसंघात येतो. तळोदा हा सगळा तालुका शहादा मतदारसंघात आहे, म्हणून लोक त्याला 'शहादा-तळोदा' म्हणतात. उलट शहादा तालुक्याचा काही भाग नंदुरबार मतदारसंघात आणि नंदुरबार तालुक्याचा काही भाग नवापूर मतदारसंघात गेलेला आहे. हे तुकडे पाडताना महसूल मंडळ, म्हणजे काही सजांचा मिळून झालेला तालुक्याचा भाग, हे एकक धरलेलं आहे. त्यामुळे रुजू झाल्यावर तुमच्या मंडळाचं नाव परिसीमनाच्या आदेशात कुठल्या मतदारसंघाखाली आहे, ते स्वतः काढून पाहा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. शहादा तहसीलचा कर्मचारी आणि शहादा मतदारसंघाचा कर्मचारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणुकीच्या दिवसांत एकाच तालुक्याच्या तहसीलदारांना दोन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांशी बोलावं लागतं, ते याच कारणाने.

लोकसभेचं गणित आणखी वेगळं. नंदुरबार हा राज्यातला क्रमांक १ चा लोकसभा मतदारसंघ आणि त्यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात: आपले चार, शिवाय धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर. निवडणूक निर्णय अधिकारी नंदुरबारचे जिल्हाधिकारी. शिरपूर-साक्रीचे अधिकारी एरवी धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना अहवाल देतात. लोकसभेला मात्र त्यांचे मतमोजणीचे आकडे नंदुरबारला येतात, आणि मनुष्यबळ, वाहनं, कायदा-सुव्यवस्था धुळ्याकडेच राहते. नव्या माणसाने या काळात प्रत्येक पत्राच्या प्रती कोणाकोणाला जाणार हे जुन्या अव्वल कारकुनाकडून समजून घ्यावं. पुस्तकात ते नीट सापडत नाही आणि एक प्रत चुकली की दोन जिल्ह्यांमध्ये दिवसभर फोन चालतात.

सरदार सरोवराच्या विस्थापितांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण नंदुरबारची सीमा माणसाच्या आयुष्यात कशी उतरते ते तिथे स्पष्ट दिसतं. या धरणाखाली महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली आणि ती सगळी अक्राणी व अक्कलकुव्यातली. त्यांतल्या अनेक कुटुंबांचं पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांत झालं. म्हणजे माणूस नर्मदेच्या काठावरून तापीच्या खोऱ्यात आला. त्याची जमीन, ग्रामपंचायत आणि तालुका बदलला, आणि अक्कलकुवा मतदारसंघही सुटला. पण घर हललं म्हणून मतदार यादीतलं नाव आपोआप हलत नाही. एकाच कुटुंबात म्हाताऱ्या आईचं नाव मूळ गावच्या यादीत, मुलाचं वसाहतीच्या यादीत आणि सुनेचं तिच्या माहेरी, हे तुम्हाला दिसेल. काहींचे भाऊ अजून वरच, मूळ गावात राहतात. अशा वसाहतीत गेलात तर एकेका घराशी बसून विचारा: नाव कुठे आहे, कुठे हवं आहे, प्रत्यक्षात राहता कुठे. यादीतलं नाव हलवायला आता नमुना ८ चा अर्जच चालतो, मतदारसंघ बदलला तरी. २०२२ च्या आधी दुसऱ्या मतदारसंघात जाताना नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज, भरावा लागायचा, त्यामुळे जुने कर्मचारी अजूनही सवयीने तो पुढे करतात. हरकत किंवा वगळणीसाठी नमुना ७. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, हे लोकांना शांतपणे सांगा. धमकावल्यासारखं सांगितलं की लोक पुढच्या वेळी दारच उघडत नाहीत, आणि या लोकांनी कागद घेऊन येणारे पुष्कळ अधिकारी पाहिले आहेत.

दुसरी तितकीच मोठी गोष्ट हंगामी स्थलांतराची. पावसाळी पीक निघालं की डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला गुजरातेत उतरतात. होळीला परत येतात. होळी इथे सगळ्यात मोठा सण, त्यासाठी माणूस कुठूनही येतो. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपला बीएलओ, नेमका हिवाळ्यात घरोघरी गेला की पाड्यावर निम्मी घरं कुलूपबंद. तो प्रामाणिकपणे लिहितो, 'आढळून आले नाहीत'. पुढे हा शेरा वगळणीच्या प्रस्तावात जातो. इथे तुम्ही थांबलं पाहिजे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० वाचा. तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून माणसाचं सर्वसाधारण निवासस्थान बदलत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ऊसतोड कामगार हा तात्पुरताच बाहेर असतो. नोटीस बजावल्याशिवाय आणि शेजारी, पोलीस पाटील, गावचा कारभारी यांना विचारल्याशिवाय असं एकही नाव वगळणीला पुढे पाठवू नका. यादी शुद्ध करायची म्हणजे फक्त नावं कमी करायची नसतात. जो खरोखर तिथला आहे त्याचं नाव टिकवणं हेही त्याच शुद्धीकरणात येतं. डोंगरातल्या माणसाकडे सरकारशी जोडणारे कागद मोजके असतात आणि मतदार यादीतली ओळ त्यातली एक आहे. ती पुसली गेली, तर ते त्याला थेट मतदानाच्या दिवशी केंद्रावर कळतं.

पाड्यांबद्दल. सपाटीवरून आलेल्याला गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती वाटते. अक्राणीत एका महसुली गावाचे अनेक पाडे दोन-तीन डोंगरांवर पसरलेले असतात. घर क्रमांक असतो तो ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, भिंतीवर नाही. मतदार यादीचा 'भाग' आणि त्यातले 'विभाग' पाड्यांनुसार नीट लावलेले नसले, तर खालच्या पाड्यातल्या आजीचं नाव दरीपलीकडच्या केंद्रावर जातं. मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये हे धोरण आहे. पण नकाशावरचे दोन किलोमीटर आणि चढाचे दोन किलोमीटर एक नसतात. केंद्रांच्या सुसूत्रीकरणाचा प्रस्ताव करताना पायवाटेने चालून पाहा, आणि पावसाळ्यात नाला भरतो का तेही विचारा.

नव्या माणसाची सगळ्यात जास्त गफलत होते ती दोन आयोगांत. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा राज्य निवडणूक आयोगाकडे. दोन्हींचं काम तहसीलमध्ये त्याच टेबलावर, त्याच माणसांकडून होतं, म्हणून एकच वाटतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या जानेवारी २०२० च्या निवडणुकीत ५६ गट होते आणि प्रत्येक गटाचे दोन, असे ११२ गण. गट जिल्हा परिषदेचा, गण पंचायत समितीचा, प्रभाग ग्रामपंचायतीचा. या निवडणुकांसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेऊन गणनिहाय किंवा प्रभागनिहाय फोडतात. प्रारूप यादी लागली की कार्यालयात गर्दी होते: "साहेब, माझं नावच नाही." त्या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव असून चुकीच्या प्रभागात पडलं असेल किंवा लेखनिकाची चूक असेल, तरच दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर नमुना ६, आणि तो वर्षभर केव्हाही भरता येतो. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली का हे मोजायच्या तारखा, आहेत. हे गर्दीच्या दिवशी सांगून उपयोग नाही. कॉलेजात, आश्रमशाळांत, आठवडे बाजारात आधीच सांगत राहावं लागतं.

पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचा, विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी एवढं माहीत हवं: नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्ण तालुके, तसंच नंदुरबार व शहाद्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. त्या गावांतलं सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं आणि ग्रामसभेचे अधिकार १९९६ च्या केंद्रीय कायद्याने व २०१४ च्या राज्याच्या नियमांनी वाढलेले आहेत. शहादा किंवा नंदुरबार तालुक्यात काम करणाऱ्याने आपल्या सजातलं (तलाठ्याच्या हद्दीतलं) कुठलं गाव आत आणि कुठलं बाहेर याची यादी जवळ ठेवावी. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालयही इथे दोन आहेत, नंदुरबार आणि तळोदा. आणि वनहक्काचा दावा घेऊन आलेला शेतकरी मेवासी वनविभागाचं नाव घेईल तेव्हा गोंधळू नका. त्याचं कार्यालय तळोद्याला आहे.

मतदानाच्या कामाबद्दल सगळ्यांना उत्सुकता असते. राज्यातलं पहिलं मतदान केंद्र म्हणून मणिबेलीची बातमी दर निवडणुकीला येते. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या अशा गावांकडे पथकं बोटीने जातात. क्षेत्रीय अधिकारी म्हणून तिकडची केंद्रं मिळाली तर आनंदाने घ्या. मात्र तयारी वेगळी लागते: मोबाइलला रेंज नसलेल्या केंद्रांसाठी निरोप कोण नेणार हे आधी ठरलेलं असावं, पथकात पावरी किंवा भिली बोलणारा एक तरी माणूस असावा, आणि यंत्रासोबत पाणी व शिधाही जावा. अभिरूप (चाचणीच्या) मतदानानंतर यंत्रातली मतं शून्य केल्याची खात्री आणि शेवटी नमुना १७-क मधला नोंदवलेल्या मतांचा हिशोब, या दोन जागी घाई करू नका. १७-क ची प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्या, मागो वा न मागो.

भाषेचं टाळू नका. अहिराणी कानावर पडतेच. वर पावरी, भिली, नवापूरकडे मावची. दोन-चार महिन्यांत नाव, गाव, पाडा, बापाचं नाव विचारण्याइतकं यायला हवं. नावं लिहिताना माणसाला ती उच्चारायला लावा आणि तशीच लिहा. पाडवी, वळवी, वसावे, पावरा, गावित, नाईक ही आडनावं इतक्या घरांत आहेत की एका भागात एकाच नावाचे चार-पाच मतदार सहज निघतात. तिथे बापाचं नाव आणि पाडा हीच ओळख.

पहिल्या आठवड्यात करायचं काम सांगतो. तुमच्या सजाचा गावनकाशा, ग्रामपंचायतीची प्रभाग रचना आणि मतदार यादीच्या भागांचे नकाशे एका टेबलावर मांडा. कोतवालाला, म्हणजे आताच्या महसूल सेवकाला, शेजारी बसवा; गावातली प्रत्येक वाट त्याला पाठ असते. एकेक पाडा घेऊन त्याच्यापुढे लिहा: गट, गण, प्रभाग, यादी भाग, मतदान केंद्र, पोलीस ठाणं, रेशन दुकान, पेसा आहे की नाही. हा कागद लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि एक प्रत बीएलओला द्या, कारण तुमची बदली झाली तरी तो बहुधा तिथेच असणार.