नवं ऑनलाइन साधन शोधताय? आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा

टँकरचा हिशोब वॉचमनच्या वहीत, मेंटेनन्सची यादी खजिनदारांच्या लॅपटॉपवर, रीडेव्हलपमेंटच्या ऑफर सेक्रेटरींच्या मेलमध्ये आणि बाकी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोथरूडपासून वाघोलीपर्यंत बहुतेक सोसायट्यांची माहिती अशीच विखुरलेली असते. मंडळांचं आणि ट्रेकिंग ग्रुपचंही फार वेगळं नसतं. मग एखादा उत्साही सभासद म्हणतो, ‘अमुक ॲप घेऊ या, सगळं एका जागी येईल.’ घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त एक हिशोब ध्यानात असू द्या: साधन सापडायला पाच मिनिटं लागतात, त्यात माहिती भरायला महिने लागतात, आणि ते बंद पडलं तर माहिती बाहेर काढायला मुदत मिळते ती समोरचा देईल तेवढीच.

वेगवेगळ्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं. ज्यांनी आपल्या फीडची, म्हणजे निवडलेल्या साइटची, यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये चढवली आणि वाचन पुढे चालू ठेवलं. ज्यांनी घेतली नाही, त्यांची वर्षांची जमवाजमव गेली. लिंका साठवायचं पॉकेट 8 जुलै 2025 ला बंद झालं आणि साठवलेलं उतरवून घ्यायला पुढे काही महिनेच मिळाले. दोन्ही सेवा नामांकित होत्या, मागे मोठ्या संस्था होत्या. तेव्हा नाव मोठं आहे यावर विसंबू नये.

म्हणून कोणत्याही साधनाचं पान उघडल्यावर वैशिष्ट्यांची यादी नंतर वाचा. आधी मदत विभागात जाऊन ‘एक्सपोर्ट’ शोधा आणि माहिती कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर येते ते बघा. तक्त्याला सीएसव्ही, नोंदींना मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) किंवा एचटीएमएल, संपर्कांना व्हीसीएफ, कॅलेंडरला आयसीएस, नकाशाला केएमएल. हे प्रकार दुसरीकडेही उघडतात. फक्त पीडीएफ मिळत असेल तर ती छापायला बरी, पुढे काम करायला नाही. एक्सपोर्ट कोणत्या योजनेत मिळतं तेही बघा. ट्रेलोत (कामांच्या याद्या बोर्डवर लावायचं साधन) फुकट योजनेत प्रोग्रामरच्या कामाची जेसन फाइल मिळते, पण सरळ एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. नोंदी आणि तक्ते ठेवायचं नोशन मार्कडाउन आणि सीएसव्ही देतं, मात्र प्रत्येक फाइलच्या नावामागे अंकाक्षरांची लांबलचक शेपटी जोडतं. फोल्डरात फोल्डर असतील तर विंडोजवर झिप उघडताना ‘पाथ टू लाँग’ अशी तक्रार येते. अशा वेळी झिप डेस्कटॉपवर न उघडता डी ड्राइव्हवर एका अक्षराचं फोल्डर करून त्यात उघडावी.

शोधायचं कुठे

वापरात असलेल्या साधनाचं नाव ऑल्टरनेटिव्हटू या साइटवर टाकलं की त्याचे पर्याय दिसतात. तिथे किंमत, परवाना आणि अँड्रॉइड-विंडोज अशी चाळणी लावता येते. प्रॉडक्ट हंटवर रोज नवी साधनं येतात. नवं काय चाललंय ते कळायला जागा चांगली, पण तिथली मतं बहुधा पहिल्या दिवसाच्या गाजावाजाची असतात. तिथे आवडलेलं साधन लगेच घेऊ नका. नाव टिपून ठेवा आणि सहा महिन्यांनी ते जिवंत आहे का ते बघा. ओपन सोर्स हवं असेल तर गिटहब या साइटवरची ‘ऑसम सेल्फहोस्टेड’ ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या साधनांची यादी भरगच्च आहे. त्यातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. वर्ष-दीड वर्ष हालचाल नसेल तर सोडून द्या.

नेक्स्टक्लाउडसारखं फाइली साठवायचं-वाटायचं साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचा मोह हिंजवडीत काम करणाऱ्या सभासदांना हमखास होतो. बॅकअप आणि अपडेटची जबाबदारी घेणारी किमान दोन माणसं असतील तरच त्या वाटेला जा. ज्याने बसवलं तो बंगळुरूला बदली होऊन गेला की सर्व्हर अनाथ होतो.

मराठीची परीक्षा

परदेशी परीक्षणांत ही बाजू कधीच सापडत नाही, म्हणून ती आपणच तपासायची. खऱ्या कामातल्या वीस नोंदी मराठीत भरा आणि पुढच्या गोष्टी करून बघा.

‘टँकर’ हा शब्द कुणी चंद्रबिंदूने लिहितो, कुणी ‘टॅंकर’ असा अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे टाकून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचंही तसंच: कीबोर्ड बदलला की आतला संकेत बदलू शकतो आणि समोर दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. फ्लॅट नंबर कुणी ४०२ लिहिला, कुणी 402, तर दोन्ही एकत्र येतील याची खात्री नाही, आणि देवनागरी अंक बेरजेत धरले जातीलच असंही नाही. यावर उपाय एकच: जे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं ते टाइप करू द्यायचं नाही, ड्रॉपडाउनमधून निवडायला लावायचं. आकडे सगळ्यांनी 1, 2, 3 असेच लिहायचे.

आता त्या नोंदी सीएसव्हीत उतरवा. ती फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की मराठीच्या जागी अनेकदा परदेशी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, एक्सेल ती चुकीच्या संकेतावलीत वाचत असतं. ती न साठवता बंद करा. कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये 65001 यूटीएफ-8 घ्या. मराठी नीट दिसेल. खरा घात होतो तो परत साठवताना. साधी ‘सीएसव्ही’ निवडली तर देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय निवडायचा, आणि मूळ फाइलची एक प्रत न उघडता बाजूला ठेवायची.

जुन्या घटना-दुरुस्त्या आणि इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात (श्रीलिपी तर पुण्याचीच). जुन्या फॉन्टमधला असा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठल्याच साधनात शोधता येणार नाही. स्कॅन केलेला कागद असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. फाइल 2 एमबीच्या आत असावी, पान सरळ असावं. सही-शिक्क्याखालची अक्षरं चुकतात, ती हाताने तपासा.

एक लहान काम लावून बघा

सगळी सोसायटी एकदम नव्या साधनावर आणू नका. एक काम निवडा आणि दोन आठवडे तेच चालवा. टँकरची नोंद त्यासाठी उत्तम, कारण ती रोज होते, रात्री-अपरात्री होते आणि करणारा माणूस ऑफिसातला नसतो. गूगल फॉर्म घ्या. प्रश्न तीनच: टँकरचा क्रमांक, किती लिटर (ड्रॉपडाउन: 5000, 10000, 12000) आणि नोंद कुणी केली. तारीख-वेळ विचारायची गरज नाही, ती आपोआप पडते. फॉर्मच्या लिंकचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून सिक्युरिटी केबिनमध्ये चिकटवा.

चलनाचा फोटो फॉर्ममध्येच मागायचा विचार पहिल्यांदा सगळ्यांच्याच डोक्यात येतो. पण फाइल चढवायचा प्रश्न टाकला की फॉर्म गूगल लॉगिन मागतो आणि वॉचमन तिथेच अडकतो. केबिनमध्ये सोसायटीचा फोन असेल तर त्यावर लॉगिन करून ठेवा. नसेल तर फोटो व्हॉट्सॲपवरच येऊ द्या आणि फॉर्ममध्ये फक्त चलन क्रमांक लिहायला सांगा.

उत्तरांच्या शीटमध्ये ‘फाइल’ मेनूतून ‘सेटिंग्ज’ उघडा, लोकॅल (तारीख-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) ‘इंडिया’ आणि टाइम झोन कोलकाता आहे का ते बघा. लोकॅल अमेरिकेचं राहिलं तर 3 जुलै म्हणून हाताने टाकलेली 03/07 ही तारीख 7 मार्चमध्ये जाऊन बसते. 13 तारखेपासूनच्या नोंदी मात्र मजकूर म्हणून तशाच राहतात. म्हणजे अर्ध्या नोंदी चुकीच्या महिन्यात, अर्ध्या बेरजेबाहेर, आणि महिन्याचं बिल जुळेना म्हणून टँकरवाल्याशी भांडण.

चाचणीत जुना फोन वापरणारे एक ज्येष्ठ सभासद घ्याच. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मोबाइल डेटावर पान उघडतं का तेही बघा. तिथे चक्र फिरतच राहिलं तर लोक दुसऱ्याच दिवशी वहीकडे परत जातात. शेवटी दोन आठवड्यांची माहिती एक्सपोर्ट करून दुसऱ्या एखाद्या साधनात चढवून बघा. सोबतच्या फाइली, शेरे आणि आधीचे बदल यांतलं काय गळालं ते लिहून ठेवा.

लिंक कुणाच्या हातात

‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय सोयीचा असतो आणि तोच अंगलट येतो. लिंक एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती कुठे जाईल सांगता येत नाही. अशी लिंक द्यायचीच तर फक्त बघायची परवानगी ठेवा. संपादनाची परवानगी नावानिशी, ईमेलवर. ट्रेलोचं बोर्ड ‘पब्लिक’ ठेवलं तर ते सर्च इंजिनलाही दिसतं. आधार, पॅन, भाडेकरूंचे करार आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि समितीपुरतेच उघडे ठेवा. एखाद्या शीटमधला ‘लपवलेला’ टॅब हे संरक्षण नव्हे. शीटची प्रत काढता येत असेल तर तो टॅबही सोबत जातो. वाटलेली प्रत्येक लिंक एकदा इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा, म्हणजे परक्याला काय दिसतं ते कळेल.

फारच नाजूक कागद असतील तर क्रिप्टपॅड हे कूटबद्ध कागदपत्रांचं ऑनलाइन साधन बघण्यासारखं आहे. तिथली माहिती सर्व्हर चालवणाऱ्यालाही वाचता येत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की पासवर्ड हरवला तर तोही तुम्हाला मदत करू शकत नाही.

महापालिकेची परिपत्रकं किंवा 4 जुलै 2019 चा पुनर्विकासाचा शासन निर्णय यांच्या नुसत्या लिंका साठवू नका, सरकारी पत्ते बदलत राहतात. पीडीएफ उतरवून घ्या आणि मूळ पान इंटरनेट आर्काइव्हच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका. सोसायटीचं स्वतःचं पान तिथे चुकूनही टाकू नका, ते जगजाहीर होतं.

खातं सोसायटीचं असू द्या

सेक्रेटरींच्या खासगी जीमेलवर उभं केलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि गूगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून दप्तराच्या कपाटात बंद लिफाफ्यात ठेवा, नाहीतर नव्या समितीला जुन्या सेक्रेटरींकडे ओटीपीसाठी विनवण्या कराव्या लागतात. फुकट मिळणारी 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ती भरली तर मेल येणंही थांबतं. दोन वर्षं कुणी लॉगिनच केलं नाही तर गूगल ते खातं पुसू शकतं.

आधीच्या फाइली खासगी खात्यावर असतील तर मालकी बदलून घ्या. फोल्डरची मालकी बदलली म्हणून आतल्या फाइलींची बदलत नाही. प्रत्येक फाइल निवडावी लागते आणि घेणाऱ्यानेही ती स्वीकारावी लागते. फाइली फार असतील तर डेस्कटॉपवर उतरवून नव्या खात्यात चढवणं लवकर होतं, मात्र जुन्या लिंका मोडतात.

जुनी जागा लगेच पुसू नका. तिथे फक्त बघायची परवानगी ठेवा, सर्वांत वर नव्या जागेची लिंक लिहा आणि एक तिमाही तशीच राहू द्या. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. तिच्या आधीच्या आठवड्यात पूर्ण एक्सपोर्ट काढून पेन ड्राइव्हवर घ्यायचा, त्यातल्या दोन-तीन फाइली उघडून बघायच्या आणि पेन ड्राइव्ह त्याच लिफाफ्यात ठेवायचा. समिती बदलली की पासवर्ड बदलायचा, आणि बॅकअप कोडही नवे काढायचे.