शाश्वतता अहवालाचं सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी मीटरपाशी जा

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या एमआयडीसीत नव्याने लागलेल्या पर्यावरण अभियंत्याकडे किंवा अकाउंट्समधल्या मुलामुलींकडे हल्ली हे काम हमखास येतं: "बीआरएसआरसाठी एखादं चांगलं सॉफ्टवेअर बघा." बीआरएसआर म्हणजे कंपनीने पर्यावरण, समाज आणि कारभार यांबद्दल दरवर्षी द्यायचा अहवाल. मग चार कंपन्यांचे डेमो होतात, पडद्यावर रंगीत आलेख फिरतात आणि निवड आलेखांवरूनच होते. मार्च संपल्यावर कळतं की सॉफ्टवेअर ठीक आहे, पण त्यात भरायचे आकडेच धड नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न: अहवाल मागतंय कोण? शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बीआरएसआरचा नमुना मे २०२१ मध्ये आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. आपल्याकडचे चटई कारखाने, डाळमिल, तेलगिरण्या, सूतगिरण्या यांतले बहुतेक त्या यादीत नाहीत. त्यांच्याकडे मागणी येते ती मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्राहकाकडून. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मूल्यसाखळीची, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांची, माहिती द्यावी, असं सेबीचं म्हणणं आहे. ज्या पुरवठादाराचा वाटा त्यांच्या खरेदीत २ टक्के किंवा जास्त आहे, तो त्यात येतो. २०२५-२६ पासून हे ऐच्छिक म्हणून लागू झालं, पण ग्राहकाची प्रश्नावली त्याआधीच मेलवर येऊन पडते.

एकच प्लांट, एक वीजजोडणी, एक बॉयलर आणि प्रश्नावली पाठवणारे एकदोन ग्राहक असतील, तर पहिलं वर्ष नीट बांधलेल्या एक्सेलवर काढा आणि हे साहेबांना स्पष्ट सांगा. तीन-चार प्लांट असतील किंवा बाहेरचा तपासनीस आकडे तपासून खात्री (अ‍ॅशुरन्स) देणार असेल, तेव्हा सॉफ्टवेअरचा खर्च सार्थकी लागतो. बीआरएसआर कोअरसाठी, म्हणजे त्या अहवालातल्या निवडक मुख्य आकड्यांसाठी, ही तपासणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत १००० कंपन्यांपर्यंत जायची आहे.

विक्रेत्याला फोन करण्याआधी वही घेऊन प्लांटभर फिरा. प्रत्येक आकड्यासमोर पाच गोष्टी लिहा: तो कुठे तयार होतो, कोण लिहितं, कोणत्या एककात, किती दिवसांनी, आणि पुरावा काय. हा तक्ता म्हणजेच तुमची खरी मागणीपत्रिका. फिरताना इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर आणि टाइम ऑफिसच्या माणसांशी ओळख वाढवा. वर्षभर आकडे त्यांच्याकडूनच यायचे आहेत.

सगळ्यात जास्त चुका विजेत होतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकाला बिल केव्हीएएचवर (जोडणीतून ओढलेली एकूण वीज) लागतं, उत्सर्जन मात्र केडब्ल्यूएचवर (प्रत्यक्ष कामी आलेली वीज, म्हणजेच युनिट) मोजायचं असतं. बिलावर दोन्ही आकडे असतात आणि नवखा माणूस रकमेजवळचा आकडा उचलतो. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल, तर १,००,००० केव्हीएएच म्हणजे ९५,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या सरासरी गुणकाने, म्हणजे दर हजार युनिटला ०.७२७ टन धरून, या एका चुकीने महिन्याला सुमारे ३.६ टन कार्बन डायऑक्साइड जास्त दिसतो. छतावर सौर पॅनेल असतील, तर दुसरा घोळ: आपण बनवून जागेवरच वापरलेली वीज महावितरणच्या बिलात येत नाही. ती सोलर मीटरवरून वेगळी घ्यावी लागते, नाहीतर एकूण ऊर्जावापर कमी दिसतो. बिलाचं चक्र महिन्याच्या मध्यावर फिरत असेल, तर मार्च-एप्रिलचं बिल दिवसांच्या प्रमाणात दोन आर्थिक वर्षांत विभागा.

डिझेलचं गणित सोपं, शिस्त अवघड. लिटरला साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला ५३६ किलो. पण खरेदी म्हणजे वापर नव्हे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, असं काढा आणि जनरेटरच्या लॉगबुकाशी ताडून बघा. स्वतःचा ट्रक स्कोप १ मध्ये (आपल्या साधनांतून थेट होणारं उत्सर्जन), भाड्याचा ट्रक स्कोप ३ मध्ये (इतरांकडून आपल्यासाठी होणारं). विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये.

बॉयलरला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या इंधनाच्या विटा) जात असतील, तर तिथे विशेष लक्ष द्या. त्यांचा कार्बन डायऑक्साइड जैविक मूळचा, तो स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवतात. त्यातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये येतो. काही सॉफ्टवेअरमध्ये ब्रिकेटला थेट शून्य लावलेलं असतं, काहींत कोळशाचा गुणक. दोन्ही चूक.

कूलिंगच्या गॅसकडे कुणी बघतच नाही. सावदा-रावेर भागातल्या केळी पिकवण्याच्या चेंबरला किंवा कारखान्याच्या चिलरला वर्षात १० किलो आर-१३४ए भरला, तर १३०० च्या गुणकाने (हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या इतक्या पट तापवतो) ते १३ टन कार्बन डायऑक्साइडइतके होतात, म्हणजे जवळपास ४,८५० लिटर डिझेल जाळल्याइतकं. या गॅसचा गुणक आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या चौथ्या अहवालात १४३०, पाचव्यात १३००, सहाव्यात १५३० आहे. तुमचं सॉफ्टवेअर कोणता वापरतं, हे विक्रेत्याला सांगता आलंच पाहिजे. आर-२२ हा ओझोनला धक्का लावणारा, मॉन्ट्रियल कराराखालचा वायू असल्याने तीन स्कोपमध्ये न मिसळता वेगळा नोंदवतात. हा प्रश्न डेमोत विचाराच. उत्तरावरून समोरच्याला विषय किती कळतो, ते लगेच दिसतं.

पाणी स्रोतानुसार मागतात. बोअरला मीटर नसेल, तर आजच बसवून घ्या. टँकरच्या खेपा गेटवरच्या नोंदीतून घ्या. ते पाणी 'तृतीय पक्षाकडून' या रकान्यात जातं. माणसांच्या आकड्यांत ठेकेदाराकडचे कामगार आणि हमाल सुटतात. अपघातांचं प्रमाण दर दहा लाख मनुष्य-तासांवर काढतात, त्यामुळे ठेकेदाराचं मस्टर दर महिन्याला हातात हवं.

आता डेमो. विक्रेता दाखवेल तो नमुना डेटा बघू नका. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असा आपलाच तीन महिन्यांचा डेटा द्या, म्हणजे वर्षाचा सांधाही त्यात येतो. मग मुद्दाम चुका करा. एकच बिल दोनदा टाका. लिटरच्या जागी किलोलिटर लिहा. एक लाख युनिट टाकल्यावर ३६० गिगाज्यूल येतात का, ते कॅल्क्युलेटरवर तपासा. जुना आकडा बदला आणि आधीची किंमत, बदलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण राहतं का, ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी: विजेचा गुणक बदला. २०२२-२३ चा ०.७१६ होता, पुढच्या वर्षी ०.७२७ झाला. नवा गुणक टाकल्यावर मागच्या वर्षाचा आकडाही हलला, तर ते सॉफ्टवेअर तिथेच बाजूला ठेवा. छापून झालेला अहवाल आणि सॉफ्टवेअरमधला आकडा जुळला नाही, की तपासनिसासमोर तुमच्याकडे उत्तर नसतं.

भरणाऱ्याचा विचार करा. रात्रपाळीचा ऑपरेटर मोबाईलवर, मराठीत, रेंज नसतानाही नोंद करू शकतो का? मीटरचा फोटो त्या नोंदीलाच जोडला जातो का? हे नसेल, तर महिनाअखेर तुम्हीच कागद गोळा करत फिराल.

करारात किंमत वापरकर्त्यामागे आहे की प्लांटमागे, ते लिहून घ्या. दहा जण आकडे भरणार असतील, तर यानेच हिशेब बदलतो. तपासनिसासाठी फक्त बघण्यापुरतं लॉगिन, एक्सबीआरएल फाइल (अहवाल शेअर बाजाराकडे दाखल करायचं संगणकीय स्वरूप) आणि सेबीने नमुना बदलल्यास होणारी दुरुस्ती, हे सगळं त्याच किमतीत हवं. सोडून जाताना सगळा कच्चा डेटा जोडलेल्या बिलांसह एक्सेलमध्ये परत मिळेल, हे वाक्य करारात नसेल, तर सही पुढे ढकला.

सुरुवात एप्रिलमध्ये करा. पहिली तिमाही एक्सेल आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा आणि दर महिन्याच्या ५ तारखेला दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल, तिथे कारण सापडेपर्यंत एक्सेल बंद करू नका.