वैमानिकाची कॅटेगरी उतरली की: मेडिकल बोर्डापासून नागरी लायसन्सपर्यंत

मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, उतरली की 'आता उडता येणार का' हाच प्रश्न डोक्यात फिरतो. त्याचं उत्तर मेडिकल बोर्डाच्या कागदावरच्या दोन-तीन ओळींत असतं, म्हणून आधी त्या नीट वाचा. भारतीय हवाई दलात ए म्हणजे हवेतल्या ड्युटीची क्षमता आणि जी म्हणजे जमिनीवरची. ए१जी१ म्हणजे पूर्ण फिट, ए४ म्हणजे उड्डाण बंद, आणि मधल्या पायऱ्यांवर अटी घालून उडता येतं. पुढे कंसात टी असेल तर कॅटेगरी तात्पुरती आहे आणि ठरलेल्या आठवड्यांनी पुन्हा तपासणी होणार आहे. पी असेल तर ती कायमची, पण तिचाही ठरावीक काळाने आढावा होतो.

यापेक्षाही महत्त्वाची ओळ निर्बंधांची. इजेक्शननंतर (सीटसकट विमानाबाहेर फेकलं गेल्यावर) पाठीचा डी१२ किंवा कमरेचा एल१ मणका दबून फ्रॅक्चर झाल्याचं एमआरआयमध्ये दिसलं, हे उदाहरण घ्या. हाड भरून येतं, चालणं-वाकणं सुरळीत होतं, तरी फायटरवर परतायला अडचण राहते, कारण इजेक्शन सीटचा झटका त्याच मणक्यावर पुन्हा बसू शकतो. ट्रान्सपोर्ट विमानात तो धोका नाही. त्यामुळे 'इजेक्शन सीटच्या विमानांसाठी अनफिट' असा शेरा असेल, तर तो सगळ्या उड्डाणावर लागत नाही. अशा वेळी स्ट्रीम (फायटरऐवजी ट्रान्सपोर्ट) बदलून मिळण्याचा अर्ज लेखी करा. तोंडी बोलणं फाइलमध्ये कुठेच उरत नाही.

बोर्डापुढे जाण्याआधी फाइल स्वतः लावून घ्या. सगळ्या तपासण्यांचे मूळ रिपोर्ट तारखेनुसार हवेत आणि एमआरआयच्या फिल्म किंवा सीडीही हवी, कारण नुसत्या रिपोर्टवरून तज्ज्ञाला तुलना करता येत नाही. आधीच्या बोर्डांचे एएफएमएसएफ-१५ हे फॉर्म जोडा. दुखापत असेल तर आयएएफवाय-२००६ हा इन्जुरी रिपोर्ट भरला गेलाय का ते पाहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. त्या वेळी 'किरकोळ आहे' म्हणून तो भरला जात नाही आणि पुढे तीच दुखापत ड्युटीवर झाली हे सिद्ध करणं जड जातं. युनिटमधून बदली होण्याआधीच तो पूर्ण करून घ्या.

पर्सनल स्टेटमेंटला वेळ द्या. 'पाठ दुखते' या वाक्यातून बोर्डाला काहीच मिळत नाही. 'अमुक तारखेच्या सॉर्टीत (उड्डाणात) हाय-जी मॅन्युव्हरनंतर, म्हणजे शरीरावर मोठा भार आणणाऱ्या वळणानंतर, मानेत कळ आली, त्याच दिवशी सिक रिपोर्ट केला, त्याआधी मानेची तक्रार नव्हती' असं लिहिलं तर तारीख, ड्युटी आणि आधीची प्रकृती तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला का, हे ठरवताना अशाच नोंदी पाहिल्या जातात. वाढवून सांगू नका आणि भिडेपोटी लपवूही नका.

सेवा सोडताना रिलीज मेडिकल बोर्ड एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर होतो. प्रत्येक आजाराची स्वतंत्र नोंद, त्यापुढची अपंगत्वाची टक्केवारी आणि 'सेवेशी संबंध' हा रकाना वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागून घ्या. अपंगत्वाच्या पेन्शनच्या हिशेबात २० टक्क्यांची सीमा आजही ऐकू येते, पण २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. तेव्हा आधी निवृत्त झालेल्या सीनियरचा हिशेब आपल्याला लावू नका. दावा नाकारल्याचं पत्र आलं तर पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची असते. अपील नाकारलं गेलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे.

आता नागरी बाजू. राजीनामा किंवा मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज टाकण्याआधी डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, मिळण्याजोगं आहे का याचा अंदाज घ्या. हे उलट्या क्रमाने केलं आणि क्लास १ अडलं, तर हातात नोकरीही नाही आणि लायसन्सही नाही. हवाई दलाची कॅटेगरी आणि क्लास १ यांचे निकष वेगळे असल्याने फायटरसाठी अनफिट ठरलेला माणूस नागरी तपासणीत फिट ठरू शकतो, कधी सोबत दुसरा वैमानिक हवा या अटीवर. सेवेत असताना लागणारी परवानगी युनिटमार्फत घ्या. ही तपासणी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये आणि दिल्लीच्या एएफसीएमई या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात होते. फॉर्मवर लष्करी बोर्डाचा पूर्ण इतिहास लिहा. तो पुढे कधीही समोर येतो आणि मग प्रश्न आजाराचा न राहता खोट्या माहितीचा होतो.

लॉगबुकचं काम स्क्वाड्रन सोडण्याआधी संपवा. एकूण तासांचा आकडा पुरत नाही. विमानाचा प्रकार, पीआयसी (मुख्य वैमानिक) आणि को-पायलट, दिवस आणि रात्र, इन्स्ट्रुमेंट असे वेगळे तास काढून त्यावर अधिकृत सही-शिक्का घ्या. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला) २०० आणि एटीपीएलला (एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सला) १५०० तास लागतात. फायटरच्या सॉर्टी छोट्या असतात, म्हणून तितक्याच वर्षांत ट्रान्सपोर्टवाल्यांपेक्षा तास कमी भरतात. सिंगल इंजिनवर उडालेल्यांना मल्टी-इंजिनचा खर्च आणि वेळ वेगळा धरावा लागतो. डीजीसीएच्या पेपरांना ७० टक्के गुण लागतात. ए४ चे ग्राउंडेड महिने अभ्यासाला उत्तम. एअर रेग्युलेशन्सपासून सुरुवात करा, कारण लष्करी सवयी सर्वांत जास्त तिथेच आड येतात.

क्लास १ मिळालंच नाही, तर सिम्युलेटर इन्स्ट्रक्टर, एअरलाइनचं ऑपरेशन्स कंट्रोल आणि फ्लाइट सेफ्टी ही तुमच्या अनुभवाला थेट किंमत देणारी क्षेत्रं आहेत. ड्रोन नियम २०२१ खालच्या रिमोट पायलट सर्टिफिकेटला क्लास १ लागत नाही. व्यवस्थापनाकडे वळायचं असेल तर डीजीआरचे (माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे) निवृत्तिपूर्व कोर्स आहेत. त्यांची अर्जाची तारीख रिलीजच्या तारखेशी बांधलेली असते, म्हणून बोर्डाची तारीख कळली त्याच आठवड्यात ती पाहून ठेवा.