रोमन छावणीतून आजच्या तुकडीप्रमुखाने काय घ्यावे

प्राचीन रोमच्या सैन्याचा विषय निघाला की ढाली, भाले आणि विजयाच्या मिरवणुका डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्ष तुकडी सांभाळणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याने हे पाहावे, की सेनापतीचा आवाज जिथे पोहोचत नसे तिथेही हे सैन्य आपले काम चोख कसे करत असे. त्यामागची तयारी लढाईच्या पुष्कळ आधी, साध्यासुध्या नित्यक्रमात झालेली असे, आणि हा नित्यक्रम आजही उभा करता येतो.

सुरुवात रात्रीच्या पहाऱ्यापासून करावी. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने या पहाऱ्याचे बारकाईने वर्णन केले आहे. रात्रीचे चार प्रहर पाडलेले असत आणि प्रत्येक ठाण्याच्या पहारेकऱ्याकडे खूण केलेली लाकडाची लहानशी पट्टी दिलेली असे. गस्तीसाठी चार घोडेस्वार निवडले जात आणि कोणी कोणत्या प्रहरी फिरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरे. गस्तवाला आपल्यासोबत साक्षीदार घेऊन निघे. पहारेकरी जागा असेल तर त्याची पट्टी घेऊन तो पुढे जाई. झोपलेला असेल किंवा जागेवर नसेल, तर सोबत्यांना साक्षी ठेवून पट्टी न घेताच पुढचे ठाणे गाठी. पहाटे सगळ्या पट्ट्या ट्रिब्यून या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जमा होत. एखादी कमी भरली तर कोणत्या ठाण्याची ते खुणेवरून लगेच कळे आणि त्या ठाण्याची माणसे व गस्तवाला यांना समोरासमोर उभे केले जाई. गस्तवाल्यानेच फेरी चुकवली होती असे ठरले, तर शिक्षा त्याला होई.

या पद्धतीचे मर्म शेवटच्या भागात आहे: तपासणाराही तपासला जात होता. सकाळी एका बैठकीत सह्या करून पूर्ण केलेली पहाऱ्याची नोंदवही कोणाला फसवत नाही; जवानांना ती खोटी असल्याचे ठाऊक असते, आणि त्यानंतर अधिकाऱ्याच्या इतर नोंदींवरही त्यांचा विश्वास राहत नाही. म्हणून फेरी कोणाची आणि केव्हा हे आयत्या वेळी ठरवावे, फेरी झाल्याचा पुरावा ठाण्यावरूनच यावा, आणि चूक आढळल्यास तिचा निवाडा त्याच सकाळी करावा. रोमन शिक्षा अतिशय क्रूर होती. दोषी सैनिकाला त्याचेच साथीदार काठ्या आणि दगडांनी मारत. रोमच्या शिस्तीचे श्रेय या क्रौर्याला देणारे लोक आहेत, परंतु मला ते पटत नाही. चूक लपणार नाही अशी खात्री असली की सौम्य शिक्षाही पुरते.

कनिष्ठ नेते निवडतानाही पॉलिबियसची एक नोंद ध्यानात ठेवावी. सेंच्युरियन, म्हणजे सैनिकांच्या लहान तुकडीचा प्रमुख, म्हणून रोमनांना धाडसाने पुढे झेपावणारा माणूस तितकासा नको असे. फळी मागे रेटली जात असताना जागा न सोडणारा, धीराचा माणूस हवा असे. हा गुण जिंकत्या सरावात दिसत नाही. तेव्हा तुकडीची पीछेहाट होईल, दळणवळण तुटेल आणि प्रमुख जायबंदी झाला असे धरले जाईल, असे सराव मुद्दाम आखावेत आणि त्या वेळी माणसे कोणाकडे पाहतात ते टिपून ठेवावे.

अशा तयारीचे फळ इ.स.पू. ५७ मध्ये गॉलमधील (आजचे फ्रान्स व बेल्जियम) साबिस नदीकाठी दिसले. ही हकिकत ज्युलियस सीझरने स्वतः लिहिली असल्यामुळे ती थोडी सावधपणे वाचावी. पण आपल्या आज्ञा पुरेशा पडल्या नाहीत, अशी कबुली तो त्यात देतो. सैन्य छावणीची तटबंदी उभारत असताना नर्वी टोळ्यांनी अचानक हल्ला चढवला. तेव्हा दोन गोष्टी कामी आल्या, असे तो सांगतो: आधीच्या लढायांतून शिकलेल्या सैनिकांना काय करायचे हे सांगावे लागले नाही, आणि तटबंदी पुरी होईपर्यंत अधिकाऱ्यांनी आपापले लिजन (काही हजार सैनिकांचा मोठा सैन्यविभाग) सोडू नये, असा हुकूम आधीच दिलेला होता. बारावे लिजन दाटीत सापडले, तेव्हा मागच्या फळीतील एका सैनिकाची ढाल घेऊन सीझर पुढे गेला, सेंच्युरियनांना त्यांच्या नावांनी हाका मारल्या आणि तलवार चालवायला जागा मिळावी म्हणून रांगा विरळ करायला लावल्या. ढालीची गोष्ट सगळे सांगतात. मला नावांची अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती नावे त्या क्षणी पाठ करता येणारी नव्हती. नव्या प्रमुखाने पहिल्या महिन्यात हेच काम हाती घ्यावे.

स्वयंस्फूर्तीलाही मर्यादा हवी. इ.स.पू. ५२ मध्ये गॉलमधीलच गर्गोव्हिया या तटबंदीच्या गावी परतीचा इशारा झाल्यावरही सैनिक पुढे गेले, आणि ४६ सेंच्युरियन व जवळजवळ ७०० सैनिक कामी आले. दुसऱ्या दिवशी सीझरने सैन्य गोळा करून त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली आणि त्याच भाषणात बेशिस्तीबद्दल कठोर शब्दांत सुनावले. मोहिमेनंतरच्या आढाव्यात दोन्ही बाजू अशाच एकत्र मांडाव्यात. त्याबरोबरच इशारा सर्वांना ऐकू गेला होता का, हेही तपासावे. दरीपलीकडच्या तुकड्यांना तो ऐकूच आला नव्हता.

शेवटचा धडा पराभवाचा आहे. इ.स. ९ मध्ये रोमनांच्या बाजूने असलेला आर्मिनियस हा जर्मन सरदार दगा देणार असल्याचे सेगेस्टीस या दुसऱ्या जर्मन सरदाराने व्हारस या सेनापतीला आधीच सांगितले होते. व्हारसचा आर्मिनियसवर भरवसा होता, म्हणून त्याने तिकडे दुर्लक्ष केले आणि जर्मनीच्या अरण्यात तीन लिजन गमावली. अशी सूचना आपल्या आवडत्या माणसाविरुद्ध असेल, तर तिचा निर्णय एकट्याने करू नये. ती तारखेसह लिहून घ्यावी, त्या माणसाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे पडताळणीसाठी सोपवावी, आणि त्याचे उत्तर हाती येईपर्यंत तुकडी हलवू नये.